गठ्ठा एक, पाकिटे कोटी

हे पान आपल्या हाती कसे आले, याचा विचार रविवारच्या सकाळी सहसा कोणी करीत नाही. एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्या हातात पुरवणी, एवढ्यावर आपले भागते. पण त्या प्रवासात एक साधे शहाणपण दडलेले आहे. छापखान्यातून साताऱ्यासाठी निघतो तो गठ्ठ्यांचा एकच ढीग. पहाटे तो साताऱ्यात उतरतो, तिथे त्याचे कोरेगावचा वेगळा, वाईचा वेगळा असे भाग पडतात. वाईच्या एजंटाकडे ते आणखी सुटतात आणि शेवटी सायकलवरचा पोऱ्या गल्लीत शिरतो तेव्हा कुठे एकेक अंक एकेका दारात पडतो. रस्ता जिथपर्यंत सगळ्यांचा एक आहे तिथपर्यंत गाडीही एकच; वाटा फुटतात तिथेच गठ्ठा फुटतो.

आता समजा, उद्या वृत्तपत्राच्या व्यवस्थापकाने ठरवले की प्रत्येक वर्गणीदाराचा अंक स्वतंत्र पाकिटात घालायचा, त्यावर त्याचे नाव लिहायचे आणि प्रत्येक पाकिटामागे एक माणूस देऊन त्याला एसटीत बसवून वाईला धाडायचे. पाचशे वर्गणीदार, पाचशे पाकिटे, पाचशे तिकिटे, आणि आत सगळ्यांच्या तोच अंक. अशा व्यवस्थापकाला आपण वेड्यात काढू. पण आपल्या खिशातल्या मोबाइलवर क्रिकेटचा सामना येतो तो नेमका याच रीतीने.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. निकालाची आठवण काढून वाचकांचा रविवार मी खराब करणार नाही. पण त्या दिवशी डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी ५ कोटी ९० लाख प्रेक्षक एकाच वेळी सामना पाहत होते, असे त्या कंपनीने जाहीर केले. तो विक्रम म्हणून गाजला, आणि तंत्रज्ञांची पाठ थोपटायला माझीही ना नाही. पण त्याचा अर्थ असा की एकाच चेंडूचे चित्र जवळजवळ सहा कोटी वेगवेगळ्या पाकिटांतून रवाना झाले. कंपन्या मोठमोठ्या शहरांत या चित्रांची गोदामे ठेवतात, त्यामुळे प्रत्येक पाकिटाला सातासमुद्रापलीकडून यावे लागत नाही, हे खरे. पण गोदामापासून तुमच्या हातापर्यंतचा शेवटचा आणि सर्वांत दाटीचा टप्पा मात्र ज्याचा त्याचा वेगळा. दिवाणखान्यात आजोबा, स्वयंपाकघरात आई, गच्चीवर मुलगा आणि जिन्यात शेजारी अशा चौघांनी चार मोबाइल उघडले, तर समोरच्या मनोऱ्यावरून तोच षटकार चारदा सोडला जातो. सेकंदाला दोन मेगाबिट हा बेताच्या चित्राचा हिशेब धरला तर तासाला सुमारे ९०० मेगाबाइट खर्ची पडतात. ज्याच्याकडे रोजच्या दीड गिगाबाइटचा पॅक आहे, त्याचा पॅक पहिला डाव निम्मा होण्याआधीच संपतो. श्रीमंताच्या घरी वायफाय असते. पॅकवर जगणाऱ्याला पन्नास षटके परवडत नाहीत.

कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट हेही त्याच जातीचे प्रकरण. आपण म्हणतो गट. जाळ्याला त्या गटाची गंधवार्ताही नसते. मावशीने पाठवलेला गणपतीचा फोटो आधी कंपनीच्या संगणकाकडे जातो, तिथे प्रत्येक सभासदासाठी वेगळा रवाना होतो आणि डोंबिवलीतल्या एकाच इमारतीत अकरा भाचरे राहत असतील तर एकाच मनोऱ्यावरून अकरा वेळा उतरतो.

मी एका तंत्रनिकेतनात बावीस वर्षे संगणकजाळ्यांचा विषय शिकवला. पाठ्यपुस्तकात शेवटाकडे एक धडा असे, ‘मल्टिकास्ट’ नावाचा. एकाने अनेकांना, पण सगळ्यांना नव्हे, तर ज्यांनी मागितले त्यांनाच, एकाच खेपेत पाठवणे असा त्याचा अर्थ. धडा सुरू झाला की मागच्या बाकावरून हमखास विचारणा होई, ‘बाई, हा परीक्षेला येतो का?’ फारसा येत नसे. त्यामुळे मुलांनी तो कधी मनावर घेतला नाही. जगानेही घेतला नाही, आणि मला सांगायचे आहे ते याविषयीच.

ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने, आपले मार्गदर्शक डेव्हिड चेरिटन यांच्यासोबत, १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती मांडायला सुरुवात केली. ऑगस्ट १९८९ मध्ये तिचे नियम लेखी प्रसिद्ध झाले. इंटरनेटवरचा प्रत्येक संगणक आकड्यांच्या पत्त्याने ओळखला जातो. डीअरिंगच्या योजनेत २२४ ते २३९ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते कोणत्याही यंत्राचे नव्हेत, तर गटांचे आहेत. वारकऱ्यांना हे चटकन कळेल. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो, रथापुढे अमुक, रथामागे तमुक. तो क्रमांक कोणत्याही गावाचा पत्ता नाही. दिंडी आज जेजुरीला असेल, उद्या वाल्ह्याला. तिची माणसे जिथे, तिथे तो क्रमांक. डीअरिंगचा गटपत्ता अगदी असाच.

या योजनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पैशाच्या काटकसरीपलीकडची आहे. पाठवणाऱ्याला श्रोत्यांची यादी ठेवावीच लागत नाही. श्रोता आपल्या जवळच्या नाक्याला, म्हणजे तंत्राच्या भाषेत राउटरला, सांगतो की मला अमुक क्रमांकाच्या गटातले हवे आहे. तो नाका पुढच्या नाक्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि असे करत करत मागणी उगमापर्यंत पोचते. मग वरून एकच प्रत निघते आणि जिथे फांद्या फुटतात तिथेच तिच्या प्रती होतात. कागदाच्या गठ्ठ्यापेक्षा हे सरस, कारण कागदाच्या प्रती निघतानाच मोजून घ्याव्या लागतात. ऐकणारे दहा की दहा लाख, हे बोलणाऱ्याला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते. आकाशवाणीवर बातम्या सांगणाऱ्याला तरी कुठे ठाऊक असते की कोणत्या घरातला रेडिओ चालू आहे?

मार्च १९९२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणारी मंडळी सॅन दिएगोला जमली होती. त्या सभेतला आवाज या पद्धतीने तीन खंडांतल्या वीस ठिकाणी ऐकवण्यात आला. मधल्या बहुतेक राउटरना ही नवी भाषा येत नव्हती, म्हणून जुन्या जाळ्याच्या पोटातून बोगदे काढावे लागले. या तात्पुरत्या जाळ्याला नाव पडले एमबोन. काही वर्षे त्यावर खूप हौसमौज झाली. १८ नोव्हेंबर १९९४ रोजी डॅलसमधील रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाची वीसेक मिनिटे एमबोनवरून जगभर गेली. मौज अशी की ‘सिव्हिअर टायर डॅमेज’ नावाच्या एका वाद्यवृंदाने, ज्याला कोणीही आमंत्रण दिले नव्हते, त्याच वाहिनीवर स्टोन्सच्या आधी आपले वादन सुरू करून दिले. लग्नाच्या मांडवात मुख्य बँडच्या आधी गल्लीतल्या पोरांनी ताशा बडवावा तसे. हे वाजवणारे स्वतः संगणकतज्ज्ञ होते, त्यांना दार उघडे असल्याचे माहीत होते. गटाचा क्रमांक ठाऊक असलेला कोणीही त्या गटात बोलू शकतो, हे त्या रात्री साऱ्यांना कळून चुकले.

पुढे त्यावर उपाय निघाला. श्रोत्याने नुसता गट न सांगता ‘अमक्याकडूनच आलेले हवे’ असेही सांगायचे. २०२० साली तर जुना, कोणीही बोलावे असा प्रकार निरनिराळ्या कंपन्यांच्या जाळ्यांमध्ये वापरू नये अशी शिफारसही झाली. पण तोवर उघड्या इंटरनेटवरून मल्टिकास्टचा बाजार उठलाच होता. कारण बेसूर पाहुणे हे नव्हेच, मूळ दुखणे हिशेबाचे. इंटरनेट हे शेकडो कंपन्यांच्या जाळ्यांचे मिळून बनते आणि या कंपन्या एकमेकींकडे गेलेल्या-आलेल्या मालाच्या वजनावर व्यवहार करतात. एका कंपनीने एक प्रत हाती दिली आणि दुसरीच्या आवारात तिच्या दहा हजार प्रती झाल्या, तर पैसे कोणी, कोणाला आणि कशाचे द्यायचे? शिवाय प्रत्येक राउटरला चालू असलेल्या प्रत्येक गटाची नोंद ठेवावी लागते. नोंदी वाढल्या की राउटर महाग होतो. ज्याच्या खिशातून पैसा जायचा त्याला लाभ नाही आणि ज्याला लाभ त्याच्या हाती राउटर नाही. अशी कामे आपल्याकडे ग्रामपंचायतीतही अडतात.

जिथे सारे रस्ते एकाच मालकाचे, तिथे मात्र ही पद्धत निमूट काम करते आहे. घरी तारेवाटे इंटरनेटचा टीव्ही येतो त्यात ती आहे. मुंबईच्या शेअर बाजारांतून भावांचे आकडे दलालांच्या संगणकांकडे क्षणाक्षणाला जातात तेही याच रीतीने, कारण तिथे एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर असे चालत नाही. म्हणजे तंत्र कच्चे आहे, असे कोणी म्हणू नये. पैशाच्या बाबतीत ते पक्के आहे, तुमच्या-आमच्या बाबतीतच त्याला कापरे भरते.

मोबाइल आला आणि प्रश्न आणखी अवघड झाला. इंटरनेटचा पत्ता माणसाचा नसतो, जागेचा असतो. माणूस हलला की पत्ता खोटा ठरतो. यावर चार्ल्स पर्किन्स आणि इतरांनी मिळून तोडगा काढला, तो ऑक्टोबर १९९६ मध्ये नियम म्हणून प्रसिद्ध झाला. तोडगा तसा घरगुती आहे. फोन कुठेही गेला तरी त्याचा मूळ गावचा पत्ता कायम ठेवायचा. मूळ गावी एक कारभारी नेमायचा. फोन जिथे जाईल तिथून कारभाऱ्याला कळवायचे, आणि कारभाऱ्याने आलेले टपाल नव्या ठिकाणी धाडत राहायचे. लग्न झालेल्या मुलीची पत्रे माहेरच्या पोस्टमनने सासरी वळती करावीत, तसे. एकट्या माणसाच्या टपालाला हे उत्तम.

गटाच्या टपालाला लावून पाहा म्हणजे गंमत कळेल. गिरगावातल्या एका खोलीत कोकणातल्या दहा गावांचे दहा चाकरमानी राहतात. दहाही जणांनी एकच मासिक आपापल्या गावच्या पत्त्यावर लावले आहे. छापखाना आहे गिरगावातच, हाकेच्या अंतरावर. पण अंक आधी दहा गावांना जाणार, दहा पोस्टमास्तर ते इमानदारीने मुंबईला वळते करणार आणि एकाच जिन्यावरून दहा वेळा धापा टाकत पोस्टमन एकाच खोलीत एकच अंक दहा वेळा आणून टाकणार. वाचवायला निघालो होतो एक खेप, वाढल्या वीस. संशोधकांनी याला ‘बोगद्यांचे एकत्र येणे’ असे भारदस्त नाव दिले आणि त्यावर पुष्कळ शोधनिबंध लिहिले.

दुसरा मार्ग सरळ दिसतो. जिथे असाल तिथल्याच नाक्याला सांगा, गावच्या कारभाऱ्याला मध्ये घेऊ नका. पण चालत्या माणसाला हा मार्ग जाचतो. नव्या जागी गटाची फांदी नसेल तर ती उगमापर्यंत नव्याने जोडावी लागते आणि तेवढ्यात दोन वाक्ये निसटतात. जुन्या जागी उलटे होते. तिथल्या राउटरला आपण निघून गेल्याचे कळत नाही. तो ठरावीक काळाने ‘अजून कोणी आहे का?’ अशी हजेरी घेतो. मूळ नियमांत ही हजेरी १२५ सेकंदांनी आहे, आणि दोनदा कोणी ओ दिली नाही की मग नळ बंद. म्हणजे तुम्ही लोकलमध्ये बसून पुढे निघालात तरी मागे चार मिनिटांहून अधिक काळ रिकाम्या खोलीत रेडिओ गातच असतो. आणि ऐकणाऱ्याऐवजी बोलणाराच चालू लागला, तर सारे झाडच मुळापासून उपटून पुन्हा लावायची वेळ येते, कारण झाडाचे मूळ त्याच्या पत्त्यात असते. कीर्तनकार उठून चालू लागला तर श्रोत्यांनी बसायचे कुठे?

या साऱ्यावर उपाय झाले नाहीत असे नाही. आजच्या मोबाइल जाळ्यात फोनला आपण हललो याची खबरही नसते. कंपनीचे मधले यंत्रच त्याच्या वतीने गटात नाव घालते, काढते, आणि एका आवारातल्या अनेकांसाठी एकच प्रत मागवते. २०११ पर्यंत हेही नियमांत बसवून झाले होते.

पण मोबाइलच्या बाबतीत विचित्र वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. तारेतून पाठवताना प्रती काढाव्या लागतात. हवेतून पाठवताना त्याही लागत नाहीत. मनोऱ्यावरून निघालेली लहर आपोआप सर्व दिशांना जाते, ती एकाने झेलली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. हवा हे मुळातच सार्वजनिक माध्यम. मार्कोनीच्या काळापासून जगाला हे ठाऊक आहे. आणि नेमक्या या माध्यमावर आपण तिकीट काढलेल्या पाचशे माणसांची एसटी चालवतो.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. घोळक्याशी बोलताना सर्वांत कमी ऐकू येणाऱ्याच्या कलाने बोलावे लागते. घरातल्या वायफायवर मल्टिकास्ट गोगलगायीच्या चालीने जाते ते यामुळेच. यंत्र सावकाश बोलते, म्हणजे दूरच्या खोलीतल्या अशक्त फोनलाही कळावे. दुसरे म्हणजे पोचपावती. एकाला पाठवले तर तो ‘मिळाले’ म्हणतो. लाखांना पाठवले आणि लाख जण एकदम ‘मिळाले, मिळाले’ म्हणून ओरडले तर पाठवणाराच त्या गलक्यात बुडेल. लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न पूर्वीच सुटलेला आहे. वाढपी आमटी घेऊन एकदा फिरतो. मिळालेले गप्प जेवतात, राहिलेला तेवढा हाक मारतो, ‘इकडे आमटी!’ इंटरनेटवाल्यांनीही तेच केले, नकाराचीच तेवढी हाक. त्याहूनही एक सुंदर युक्ती पुढे आली. मूळ मजकुराचे तुकडे एकमेकांत गणिताने अशा रीतीने मिसळायचे की श्रोत्याला कोणतेही पुरेसे थेंब मिळाले की घागर भरावी. अमुकच थेंब हवा असा हट्ट नाही, म्हणून हाक मारायचीही गरज नाही. मायकेल लुबी आणि अमीन शोक्रोल्लाही यांच्या कामातून आलेली ही संकेतपद्धती मोबाइलच्या गटप्रसारणाच्या मानकांत दाखलही झाली.

होय, मोबाइलच्या मानकांत गटप्रसारण कधीचेच आहे. थ्रीजीच्या काळात ते लिहिले गेले, फोरजीत सुधारले, फाइव्हजीसाठी २०२२ मध्ये पुन्हा लिहिले. दक्षिण कोरियात केटी या कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये फोरजीवर ते ग्राहकांसाठी सुरूही केले. पण ते जगभर पसरले नाही. अमेरिकेत क्वालकॉमने फोनवर टीव्ही देण्यासाठी वेगळे जाळे उभारले होते. ते मार्च २०११ मध्ये बंद पडले, कारण वेगळी वर्गणी आणि वेगळा फोन घ्यायला लोक तयार नव्हते. याउलट जपानमध्ये एप्रिल २००६ पासून ‘वनसेग’ नावाने नेहमीचा टीव्ही फोनवर फुकट दिसू लागला आणि तिथल्या फोनवाल्यांनी तो आपल्या यंत्रांत भराभर बसवला. या दोन उदाहरणांतला फरक तंत्राचा नाही, वर्गणीचा आहे.

मग अडते कुठे? माझे मत स्पष्ट आहे, वाचकांना ते कटू वाटले तरी चालेल. पाच कोटी वेगळी पाकिटे हा कंपन्यांच्या दृष्टीने तोटा नाहीच. पाकीट वेगळे असले की त्यावर नाव असते. नाव असले की कोण काय पाहतो, कुठे थांबवतो, कोणत्या षटकानंतर सोडून जातो हे मोजता येते. आजोबांना गुडघेदुखीच्या तेलाची आणि नातवाला बुटांची जाहिरात दाखवता येते. शिवाय पाकिटागणिक डेटा विकला जातो तो निराळाच. एकच प्रत हवेत सोडली तर श्रोता पुन्हा अनोळखी होतो, आणि अनोळखी श्रोत्याला बाजारात भाव नाही. उधळपट्टी ही चूक म्हणून शिल्लक राहिलेली नाही. तिच्यावर अनेकांची चूल पेटते.

हे केवळ सामन्यापुरते असते तर मी एवढी शाई खर्च केली नसती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. माझा धाकटा भाऊ कुर्ल्याच्या अलीकडे बसमध्ये अडकला होता. त्याच्याकडे मोबाइल होता, आमच्याकडेही होता. रात्री अकरापर्यंत आम्ही आळीपाळीने क्रमांक फिरवत राहिलो आणि दर वेळी तीच यांत्रिक बाई मार्ग व्यस्त असल्याचे सांगत राहिली. त्या बसमध्ये एका फळविक्रेत्याजवळ खिशातला ट्रान्झिस्टर होता. कोणता रस्ता पाण्याखाली आहे आणि खाली उतरू नये हे साऱ्या बसला कळले ते त्या ट्रान्झिस्टरवरून. संकटात सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते आणि सगळ्यांना ती एकाच वेळी हवी असते. एकेकट्या पाकिटांची व्यवस्था नेमकी तेव्हाच कोलमडते. आषाढी एकादशीला पंढरपुरात फोन लावून पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

मोबाइलमध्ये या प्रसंगासाठी एक साधी सोय पहिल्यापासून आहे, तिला सेल ब्रॉडकास्ट म्हणतात. मनोरा आपल्या हद्दीतल्या सर्व फोनांना एकाच वेळी एक मजकूर ऐकवतो. कोणाचा क्रमांक लागत नाही, यादी लागत नाही, बोलण्याचे मार्ग तुंबले असले तरी मजकूर जातो. जुने फोन वापरलेल्यांना आठवत असेल, पडद्यावर ‘दादर’, ‘परळ’ अशी वस्तीची नावे उमटत. ती करामत याच सोयीची होती. इतकी वर्षे आपण तिचा उपयोग वस्तीचे नाव वाचण्यापुरता केला. नेदरलँड्सने २०१२ मध्ये तिच्यावर देशाची इशारायंत्रणा उभारली. आपल्याकडे दूरसंचार विभाग आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२३ च्या उत्तरार्धात तिच्या चाचण्या घेतल्या. भर दुपारी लाखो फोन एकदम किंचाळले आणि लोक दचकले, ते आठवत असेलच. मनोऱ्याची वीज गेली तर हीही गप्प होते आणि तिच्यातून जातो तो थोडका मजकूरच, चित्र नाही, आवाज नाही. तरीही तिच्याइतकी गरिबाच्या उपयोगाची दुसरी सोय मोबाइलमध्ये नाही.

याच्या पुढची पायरी म्हणून कानपूरच्या आयआयटीने प्रसार भारतीसमवेत आणि बंगळूरच्या सांख्य लॅब्ज या कंपनीने चालवलेल्या एका प्रयोगाची चर्चा आहे. टीव्हीच्या मनोऱ्यावरून थेट मोबाइलमध्ये, इंटरनेटच्या डेटाला हात न लावता, चित्र आणि आवाज पोचवायचे. जानेवारी २०२४ मध्ये माहिती व प्रसारण खात्याच्या सचिवांनी १९ शहरांत चाचण्या घेण्याचे जाहीर केले. फोनमध्ये वेगळी चिप लागेल आणि या लहरी आम्हालाच मिळाव्यात, अशी मोबाइल कंपन्यांची तक्रार आहे. तक्रारीचा पहिला भाग खरा आहे, दुसऱ्या भागामागचा स्वार्थ उघड आहे.

मी या योजनेच्या बाजूने आहे, पण डोळे मिटून नव्हे. एकाच ठिकाणाहून सर्वांना बोलण्याची सोय म्हणजे बोलणाऱ्याच्या हाती मोठी सत्ता. डीअरिंगच्या मूळ कल्पनेत गट कोणीही काढू शकत होता, हे विसरता कामा नये. दिल्लीतून सोडलेला एकच कार्यक्रम साऱ्या देशाच्या फोनवर ओतायचा असेल तर त्याला गटप्रसारण म्हणू नये, दवंडी म्हणावे. कोल्हापुरात पंचगंगा धोक्याच्या पातळीवर असताना तिथल्या फोनवर शिरोळ आणि करवीरच्या लोकांसाठी मराठीत बोलणारा जिल्ह्याचा आवाज हवा. विद्यापीठांना, नभोवाणी केंद्रांना, शाळांच्या धड्यांना त्यात राखून ठेवलेली जागा हवी. आणि कोण ऐकतो याची नोंद ठेवायची नाही, हे कायद्यात लिहिलेले हवे, कारण तसे लिहिले नाही तर ती नोंद कोणत्या ना कोणत्या आडमार्गाने सुरू होईल याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चिपचा खर्च आधी कोणी सोसायचा हे सरकारने आणि फोन बनवणाऱ्यांनी मिळून ठरवावे. चार-सहा हजारांच्या फोनात ती बसणार नसेल आणि चाळीस हजारांच्या फोनातच बसणार असेल, तर वायफाय असणाऱ्यालाच आणखी एक खिडकी उघडून दिल्यासारखे होईल.

तोवर निदान असलेली सोय तरी बुजवू नये. २०२३ च्या त्या चाचणीनंतर आमच्या इमारतीतल्या दोन-तीन वहिनी माझ्याकडे फोन घेऊन आल्या, ‘बाई, हा भोंगा बंद करून द्या, झोपलेलं बाळ उठतं’ म्हणून. फोनच्या सेटिंगमध्ये आपत्कालीन इशाऱ्यांचे कलम असते, तिथून तो बंद करता येतो, आणि अनेकांच्या मुलांनी तो तेव्हाच बंद करून टाकला आहे. आज दुपारी जेवणे झाली की आपल्या आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ते कलम चालू आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे. मी त्या वहिनींचे इशारे चालूच ठेवले आणि बाळाच्या पाळण्यापासून फोन दूर ठेवा म्हणून सांगितले.